चाकांवरचा विजेचा फ्लश : देखभाल व दुरुस्ती (नंदिनी नगर आवृत्ती)

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून किंवा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीतून सन्मानाने निवृत्त झालेले, फंडाची रक्कम हाती आलेली, गुडघे अजून शाबूत असलेले आणि ‘जन्मभर बी शिफ्ट केली, आता भारत पाहणार’ असं भर पंगतीत जाहीर करून बसलेले जे मराठी गृहस्थ आहेत, त्यांच्यापुरतीच ती आहे. अशा गृहस्थांना भाचे-पुतणे मामाजी किंवा काकाजी म्हणतात. सोयीसाठी इथे मामाजी म्हणू. मामाजी सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतात, आतल्या सीटा काढून पलंग, शेगडी आणि पंखा बसवून घेतात आणि मागच्या कोपऱ्यात एक परदेशी, पांढरं, प्लास्टिकचं भांडं बसतं. भांड्याच्या बाजूला बटण. दाबलं की पंप गुर्र करतो आणि पाणी येतं. गाडीच्या पूजेच्या दिवशी कॉलनीतली माणसं रांग लावून बटण दाबून जातात. पुढे कधीतरी, बहुधा एप्रिलमध्ये आणि बहुधा पाहुणे आत असताना, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. तिथून या मार्गदर्शिकेचा अंमल सुरू होतो.

भांड्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत युरोपातल्या झाडून साऱ्या भाषा आहेत, आपली नाही. चित्रातला गोरा माणूस डबा धुताना हसतो आहे. त्याने अहिवाऱ्याच्या बोअरिंगचं पाणी पाहिलेलं नाही. पुस्तिका फेकू नये, पण तिच्यावर विसंबूही नये.

यंत्राची ओळख

घरच्या कमोडला खाली जी वाकडी मान असते, तिचं पेटंट १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने घेतलं. त्या मानेत पाणी साठून राहतं आणि वास अडतो. चालत्या गाडीत मात्र पहिल्याच गतिरोधकाला ते पाणी हिंदकळून जाईल, म्हणून गाडीतल्या भांड्याला मान नसते. तिच्या जागी एक सरकतं पातं आणि त्याला घट्ट धरणारी रबराची रिंग असते. पात्याखाली साधारण अठरा-वीस लिटरचा डबा, गाडीच्या बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायचा. वेगळ्या टाकीत फ्लशचं स्वच्छ पाणी आणि त्यात बुडालेला बारा व्होल्टचा पंप. संपलं.

यात वीज मैला कुठेही नेत नाही. ती फक्त पाणी ढकलते. बाकीचं सगळं आपल्या वजनाने खाली पडतं आणि तिथेच राहतं. हा परिच्छेद मामाजींना दोनदा वाचून दाखवावा. बटण विजेचं आहे म्हणजे पुढचंही सगळं विजेनेच होत असणार, अशी त्यांची पक्की समजूत असते.

सल्लागार मंडळ

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी गाडीचं दार आतून बंद करा. भिलाई-नंदिनीच्या पट्ट्यात एखादी गोष्ट बिघडली आहे हे कळलं की सात मिनिटांत चार निवृत्त फोरमन जमतात, आणि जो ज्या खात्यात राबला त्याच खात्याचा दोष त्याला दिसतो. रोलिंग मिलवाले वाकून पाहतात आणि ‘अलाइनमेंट गेली’ म्हणतात. कोक ओव्हनवाले दुरूनच नाक वर करून ‘गॅस लीक आहे’ सांगतात (हे बहुधा खरं असतं). ब्लास्ट फर्नेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ काही न बोलता गाडीला एक फेरी मारतात आणि म्हणतात, “कॅपिटल रिपेअर काढावी लागेल.” खाणीतले लोक सुरुंगाचा विषय काढण्याआधी त्यांना चहा द्यावा.

या सर्वांचा मान ठेवून त्यांना बाहेर खुर्च्या टाकून द्याव्यात. आत फक्त दोन माणसं असावीत : एक मामाजी, आणि एक बॅटरी धरणारा भाचा, ज्याला बॅटरी नीट धरता येत नाही म्हणून बोलणी खायची असतात. दुरुस्तीशास्त्रात या भाच्याचं स्थान पंपाइतकंच महत्त्वाचं आहे.

बटण दाबलं, आवाज नाही

मामाजी म्हणतात, “काल तं बराबर होतं ना!” प्रत्येक बिघाड काल बरोबर होता. त्यावर वेळ घालवू नका.

आधी फ्यूज. बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा रंगीत तुकडा, त्यावर आकडा छापलेला असतो. आतली तार तुटलेली दिसली तर त्याच आकड्याचा दुसरा लावा. पॉवर हाऊसच्या बाजारात किंवा सुपेल्यात कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळतो, शेंगदाण्याच्या पुडीएवढ्या किमतीत. तरीही मामाजी तांब्याची तार शोधायला जातील. क्वार्टरच्या फ्यूजमध्ये तार टाकून त्यांनी कितीतरी उन्हाळे काढलेले आहेत. त्यांना हाताला धरून बसवा. तार वितळत नाही, म्हणून मग वायर वितळते. वायर पलंगाखालून जाते, आणि पलंगावर मामी झोपलेल्या असतात.

फ्यूज शाबूत असेल तर मल्टिमीटर काढा. इथे एक बारकी गोष्ट आहे, जी जाणते इलेक्ट्रिशियनही घाईत विसरतात. नुसत्या वायरीवर मीटर लावला तर बारा व्होल्ट दिसतात आणि सगळे समाधानाने मान हलवतात. पण गंजलेल्या जोडातूनही पंप बंद असताना व्होल्टेज पुरेपूर दिसतं. पंप जोडलेला ठेवून, बटण दाबून धरून, पंपाच्या टोकांवर मोजा. तेव्हा आकडा सहा-सातवर कोसळला तर दोष पंपात नाही, वाटेत आहे : जोड, अर्थिंग किंवा बटण. आकडा बाराच्या आसपास टिकला आणि पंप तरीही गप्प राहिला तर पंपच अडकला किंवा मेला. आणि बॅटरी स्वतःच दमलेली असेल तर हे सगळं व्यर्थ. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी स्वस्थ असताना साडेबाराच्या थोडं वर दाखवते. बारा दाखवत असेल तर ती बरीचशी रिकामी आहे, आणि रात्रभर पंखा कोणी चालू ठेवला याची चौकशी घरातल्या घरात करावी.

काही भांड्यांत डबा जागेवर पूर्ण बसला नाही तर पंपाला वीजच मिळत नाही, तशी छोटी कळ बसवलेली असते. तेव्हा दोन तास मीटर फिरवल्यावर कोणीतरी चुकून डब्याला गुडघा मारतो, टक् असा आवाज येतो आणि सगळं सुरू होतं. या वेळी मामाजींनी “मी म्हटलंच होतं” म्हणायची पद्धत आहे.

पंप

इथे नंदिनी नगरकरांना जगातल्या सर्व कॅरॅव्हॅनवाल्यांच्या पुढे असल्याचा सार्थ अभिमान वाटायला हरकत नाही. फ्लशचा पंप म्हणजे डेझर्ट कूलरच्या पंपाचा धाकटा भाऊ, आणि कूलरचा पंप सुरू करण्याचं शिक्षण विदर्भापासून छत्तीसगडपर्यंत प्रत्येक घरात दर उन्हाळ्याच्या तोंडाशी दिलं जातं. आठ महिने माळ्यावर पडलेला पंप लावला की तो घुमतो पण फिरत नाही. मग प्लग काढायचा, खालची जाळी उघडायची, बोटाने पंख्याला एक ढकल द्यायची, अडकलेला पांढरा चुरा खरवडायचा. तेच इथे करायचं. फरक एवढाच की कूलरचा पंप घरच्या दोनशेतीस व्होल्टवर चालतो आणि हा बारावर. त्यामुळे “जुना कूलरचा पडलेला आहे, तोच बसवू” ही सूचना, जी हमखास येते, नम्रपणे नाकारावी.

पंप फिरतो, आवाज येतो, पाणी येत नाही : टाकी रिकामी असेल, पंपात हवा अडकली असेल, किंवा भांड्याच्या काठाखालची पाणी सुटण्याची फट चोंदली असेल. टाकी काठोकाठ भरा, बटण थोडं थोडं दाबा. पाणी येतं पण मरतुकडं, आणि पंप नुकताच कोणी हौसेने बदललेला असेल, तर लाल-काळ्या वायरी उलट लागल्या आहेत का पाहा. उलटा फिरणारा असा पंपही थोडंफार पाणी देतो आणि त्यामुळेच पकडला जात नाही. रिकाम्या टाकीत पंप फार वेळ चालवून पाहू नये. पाणीच त्याला थंड ठेवतं.

सुपेल्यातल्या मिस्त्रीकडे पंप घेऊन गेलात तर तो “का होगे गा मामा?” म्हणून आपुलकीने हातात घेईल. कशाचा आहे हे त्याने विचारेपर्यंत सांगू नका. पण आधी धुवून न्या.

चुनखडी

आता मुख्य रोगाकडे येऊ. बाकी सगळी लक्षणं आहेत, रोग हा आहे.

नंदिनी वसली ती चुनखडीवर. १९५९ साली भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली. लोहखनिज आलं दल्ली-राजहराहून, चुनखडी नंदिनीच्या खाणीची. भट्टीत चुनखडीचं काम एकच : तापून तिचा चुना होतो आणि तो चुना खनिजातली वाळू-माती स्वतःकडे ओढून घेतो, तिचा स्लॅग होतो, लोखंड मोकळं होतं. म्हणजे जन्मभर मामाजींनी खाणीतून जो दगड काढून रेल्वेच्या वाघिणींत भरला, त्याचा धंदाच घाण धरायचा होता. तोच दगड विरघळून बोअरिंगच्या पाण्यात येतो आणि गाडीतल्या भांड्यात आपला मूळ धंदा पुढे चालू ठेवतो. पात्याच्या खोबणीत, रिंगेच्या काठावर, पंपाच्या पंख्यात, पाण्याच्या फटीत तो बसतो. त्यात लघवीची भर. जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, द्रव अल्कधर्मी होतो आणि पाण्यातला कॅल्शियम झपाट्याने साका धरून बाहेर पडतो. पिवळट, दगडासारखा थर. त्याच्यावर पातं घासत जातं, रिंग फाटते, मग ठिबक, मग वास, मग कोक ओव्हनवाले.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या कूलरच्या गवताच्या पॅडवर हात फिरवावा.

पातं अडकलं की मामाजी स्क्रूड्रायव्हर मागतात. भाच्याने तो आधीच लपवलेला असावा. प्लास्टिकच्या पात्याला पटाशी लावून कोणाचंही भलं झालेलं नाही. भांडं रिकामं, डबा बाहेर काढलेला, आणि मग किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून थरावर ओतून ठेवावं. ते फसफसेल. चुना विरघळतोय. ओलं फडकं दाबून ठेवलं तर खोबणीतही पोचतं. मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, गरज पडली तर पुन्हा. घरच्या संडासाचं जालीम अ‍ॅसिड इथे आणू नका. रबर आणि स्प्रिंग दोन्ही खातं. आणि अ‍ॅसिडसोबत ब्लीचिंग पावडर तर कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एवढ्याशा बंद गाडीत हा विनोदाचा विषय नाही.

पण सर्वांत चांगला उपाय चुना आत जाऊच न देण्याचा. इथे घरातली काटकसर आडवी येते. आर.ओ.च्या यंत्रातून जे पाणी वाया जातं ते मामी बादलीत साठवतात आणि म्हणतात, “हे संडासच्या टाकीत घाला, फेकता कायले?” विचार उत्तम, परिणाम वाईट. गाळून उरलेल्या त्या पाण्यात मूळच्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते अंगण धुवायला ठेवा. फ्लशच्या टाकीत एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घाला : हवेतून आलेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. शेजारच्या घरी एसी असेल आणि आपल्या घरी कूलर, तर संबंध सुधारा. पावसाळ्यात पन्हळीखाली बादली लावा.

रबराची रिंग कोरडी पडली की तिला सिलिकॉनचा स्प्रे मारायचा असतो. मामाजी खोबरेल चोळतात. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे नंदिनीत बाटलीतलं तेल काढायला काडी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पहाटे पातं का उघडत नाही हे मात्र कोणालाच कळत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस, व्हॅसलीन यांनी तर काही जातीचं रबर फुगतं. मे महिन्यात उलटी अडचण. उन्हात उभ्या गाडीत डबा तापतो, आत वायू साठतो, आणि पातं एकदम उघडलं तर आतला दाब वर येतो. झाकण बंद ठेवून पातं आधी किंचित सरकवा, सुस्कारा ऐकू येऊ द्या, मग पुढचं. वरून वाकून काय झालं ते पाहू नका.

वापरणाऱ्यांसाठी

डब्याचं माप ज्यांनी ठरवलं ते कागद वापरणारे लोक होते. आपल्याकडे मग असतो. प्रत्येक बैठकीला एक-दीड लिटर पाणी वेगळं, शिवाय फ्लशचं. त्यांचा डबा तीन दिवस पुरतो, आपला पाच माणसांत दुसऱ्या दिवशी दुपारी भरतो, आणि घरी वाद होतो की भांडं खराब निघालं. भांडं ठीक आहे, हिशोब वेगळा आहे. लहान मग ठेवा आणि तांब्या नागपूरच्या सासरी पाठवून द्या.

भांड्यावर उकिडवं बसू नये. हे ज्येष्ठांना सांगण्याचं काम सुनेकडे देऊ नका.

लाल दिवा लागला म्हणजे डबा जवळजवळ भरला. आतला तरंगता खटका चुन्याने चिकटला तर दिवा लागतच नाही, किंवा विझतच नाही, तेव्हा दिव्यापेक्षा डब्याच्या वजनावर विश्वास ठेवा. गाडी सुरू करण्यापूर्वी पातं बंद आहे ना, आणि फ्लशची टाकी फार भरलेली नाही ना, पाहून घ्या. पातं उघडं असेल तर बऱ्याच भांड्यांचा डबा बाहेर निघतच नाही. ओढू नका. तो बरोबर आहे, तुम्ही चूक आहात.

जावईबुवांबद्दल दोन शब्द. काही जावई या भांड्याला इतके बिचकतात की प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून जेवण सोडतात. १९०९ साली अहमदपूर स्टेशनवर फणस खाऊन पोट बिघडलेल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाची गाडी अशाच कामात चुकली होती. त्याने रेल्वेला लिहिलेलं तक्रारपत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात लावलेलं आहे. त्या बिचाऱ्याला गाडीत जागा नव्हती म्हणून उतरावं लागलं. जावईबुवांना जागा आहे, बटण आहे, एसीचं पाणी आहे, आणि ते राजनांदगावपासून “पुढे चांगला ढाबा आहे” म्हणत बसलेले असतात.

डबा

आता तो प्रश्न, ज्यासाठी पुस्तिकेतलं चित्र अर्ध्या पानाचं आहे आणि घरात ज्यावर कोणी बोलत नाही. डबा रिकामा कोण करणार?

युरोपात मुक्कामाच्या जागी त्यासाठी खास मोरी असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं, तेव्हा पुढेमागे आपल्याकडेही होईल. तूर्त भिलाईहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्हाला पेट्रोल पंपाचं किंवा ढाब्याचं शौचालय, विचारून, परवानगीने, वापरावं लागतं. शिवनाथ, वैनगंगा, वाटेतला नाला, धानाचा बांध यांपैकी कोणीही परवानगी देऊ शकत नाही, म्हणून तिथे ओतू नये. डब्यात घालायच्या निळ्या औषधाचंही पाहून घ्या. काहींत फॉर्मॅल्डिहाइड असतं, आणि ते सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंचा फडशा पाडतं. रेल्वेने डीआरडीओच्या मदतीने डब्यांखाली जिवाणू पोसले आणि रुळांवर पडणारी घाण थांबवली. आपण तेच जिवाणू दुसऱ्याच्या टाकीत जाऊन मारू नयेत. फॉर्मॅल्डिहाइड नसलेलं घ्या.

मामाजी मात्र वेगळाच उपाय काढतात. ढाब्यावर झाडू मारणाऱ्या पोराला खुणेने बोलावून, पन्नासची नोट काढून, “जरा एवढं करून टाक गा.” इथे मार्गदर्शिका आवाज चढवते. हाताने मैला काढण्याच्या कामावर माणूस ठेवायला बंदी करणारा कायदा २०१३ सालचा आहे. डब्याला तो लागू होतो की नाही यावर मामाजी वाद घालतील, कारण युनियनमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली आहेत. वाद घालू द्या. फक्त वाद चालू असताना डब्याची मूठ त्यांच्याच हातात असावी. घरी बैठकीत गाडगेबाबांची तसबीर आहे, खराट्यासकट. आणि रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी उपोषण केलं होतं ते संडास साफ करायचं काम मिळावं म्हणून. येरवड्यातून गांधींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. ते काम मिळवायला माणसं उपाशी राहिली, आणि आपल्या घरात ते टाळण्यासाठी जावई उपाशी राहतो.

तेव्हा कारखान्यासारखं पाळीपत्रक करा. ए शिफ्ट, बी शिफ्ट, नाव, सही. मामाजींचं नाव पहिलं. मामींचं नाव घालू नका; गेली चाळीस वर्षं घरातला संडास त्यांनीच घासला आहे, त्यांची सगळी शिल्लक रजा इथे वापरू द्या. हातमोजे घाला. डब्याची ओतायची मान भांड्याच्या दिशेने वळवा, ओतताना मागच्या बाजूला हवेचं बटण असतं ते अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर गुटगुट करत ते तुमच्या पँटवर येईल. थोडं पाणी घालून हलवा, पुन्हा ओता. ढाब्याचं शौचालय आपल्याआधी होतं त्यापेक्षा स्वच्छ करून बाहेर या, आणि चहा तिथेच घ्या, बिलात कुरकुर न करता.

डबा परत सरकवा, टक् आवाज ऐका, पातं एकदा उघडून बंद करा, बटण दाबा. पाणी आलं, लाल दिवा विझला, की पाळीपत्रकात सही करून पुढचं नाव वाचा. ते जावईबुवांचं निघालं तर त्यांना देवरीच्या स्टँडवर एकाएकी महत्त्वाचं काम आठवेल आणि “मी एसटीने येतो, तुम्ही व्हा पुढे” म्हणतील. तिकिटाचे पैसे देऊ नयेत.